विश्लेषण : दिव्यांगांना दानाऐवजी काम आणि पूर्ण पगार… हेन्री फोर्ड यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग काय होता?

मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणारा उद्योगपती, ही हेन्री फोर्ड यांची जगभरातील ओळख. दिव्यांगांच्या हक्कांचा कोणताही कायदा नव्हता त्या काळात त्यांच्या कारखान्यात हात-पाय गमावलेले, दृष्टिहीन आणि कर्णबधिर कामगार पूर्ण पगारावर काम करत होते. हे त्यांनी कसे साधले आणि त्यातून आज काय शिकता येते?

हेन्री फोर्ड कोण होते?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबात ३० जुलै १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. शेतीत मन रमेना, म्हणून सोळाव्या वर्षी ते डेट्रॉइटला यंत्रशाळेत उमेदवारी करायला गेले. पुढे एडिसन कंपनीत अभियंता असताना १८९६ मध्ये त्यांनी पहिली पेट्रोलवर चालणारी गाडी बनवली. १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली, १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ बाजारात आली. १९१३ मध्ये हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकती जुळणी-साखळी सुरू झाली आणि मोटारनिर्मितीचे गणितच बदलले.

कामगारांचा प्रश्न कसा उभा राहिला?

जुळणी-साखळीने उत्पादन वाढले. पण तेच ते काम करून कामगार कंटाळत आणि नोकरी सोडून जात. सुमारे १४ हजार मनुष्यबळ टिकवण्यासाठी १९१३ या एका वर्षात ५० हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला. ही कमाई पूर्वीच्या दुपटीहून अधिक होती. कारखान्याच्या दाराशी नोकरीसाठी झुंबड उडाली. या रांगेतल्या दिव्यांग माणसांना परत पाठवायचे का, हाही प्रश्न होता.

त्यांनी नेमके काय केले?

माणसाला काय जमत नाही, हे विचारण्याऐवजी कामाला काय लागते, हे फोर्ड यांनी तपासायला लावले. प्रत्येक कामाची नोंद झाली : ते जड की हलके, ओले की कोरडे, उभ्याने की बसून, एका हाताचे की दोन हातांचे, जागा गोंगाटाची आहे का, हवा आणि उजेड कसा आहे.

फोर्ड यांच्या १९२२ च्या ‘माय लाइफ अँड वर्क’ या पुस्तकात ही आकडेवारी आहे. एकूण ७,८८२ प्रकारची कामे निघाली. त्यांपैकी पूर्ण धडधाकट, बळकट माणूस लागेल अशी कामे फक्त ९४९ होती. ६७० कामे दोन्ही पाय नसलेल्यांना, २,६३७ एक पाय असलेल्यांना, ७१५ एक हात असलेल्यांना, १० दृष्टिहीनांना आणि दोन कामे दोन्ही हात नसलेल्यांना जमण्यासारखी आढळली. म्हणजे ४,०३४ कामांना शरीराची पूर्ण क्षमता लागतच नव्हती.

प्रत्यक्ष किती जणांना काम मिळाले?

त्याच पुस्तकानुसार शारीरिक क्षमतेत काही ना काही उणीव असलेले ९,५६३ कामगार कंपनीत होते. यातील बऱ्याच जणांची उणीव किरकोळ होती, हे लक्षात घ्यावे लागते. मात्र त्यांत चौघे पूर्ण दृष्टिहीन, ३७ मूकबधिर, ६० अपस्माराचे रुग्ण आणि एक पाय किंवा पाऊल गमावलेले २३४ जण होते. एका दृष्टिहीन कामगाराला नट-बोल्ट मोजण्याच्या कामावर ठेवले. तिथे आधीपासून दोन डोळस कामगार होते. दोनच दिवसांत तो तिघांचे काम एकटा उरकू लागला आणि त्या दोघांना दुसरीकडे पाठवावे लागले. दिव्यांगांना वेगळ्या, कमी पगाराच्या कामावर बसवू नये, असे फोर्ड यांचे मत होते. पूर्ण काम करणाऱ्याला पूर्ण दाम, हा त्यांचा हिशेब होता.

मग फोर्ड आदर्श मालक होते का?

तसे म्हणता येणार नाही. पाच डॉलर मिळण्यासाठी कामगाराचे घर आणि राहणीमान कंपनीची माणसे तपासत. फोर्ड यांच्या मालकीच्या साप्ताहिकाने ज्यूंविरोधात विखारी लेखन छापले. त्याबद्दल १९२७ मध्ये त्यांना माफी मागावी लागली. कामगार संघटनांनाही त्यांनी दीर्घकाळ विरोध केला. १९३७ मध्ये संघटनेच्या कार्यकर्त्यांना कंपनीच्या माणसांनी मारहाण केली. संघटनेशी करार झाला तो १९४१ मध्ये. ७ एप्रिल १९४७ रोजी फोर्ड यांचे निधन झाले. दिव्यांगांना त्यांनी दिलेले काम ही मालकाची मर्जी होती, कामगाराचा हक्क नव्हता. मर्जी फिरली असती, तर दाद मागायला जागा नव्हती.

भारतातील कायद्याशी याचा संबंध काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने ती मर्जी हक्कात बदलली. सरकारी आस्थापनांत ४ टक्के आरक्षण, नोकरीत भेदभावास मनाई आणि कामाच्या ठिकाणी आवश्यक सोयी, अशा तरतुदी त्यात आहेत. दिव्यांगांसाठी योग्य पदे निश्चित करायची, ही पद्धत फोर्ड यांच्या यादीची आठवण करून देते. पण यादीचा धोकाही आहे. यादीत नाही म्हणून नोकरी नाही, असा अर्थ लावला जातो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जुन्या कायद्याबाबत स्पष्ट करावे लागले, की आरक्षणाची गणती निश्चित केलेल्या पदांपुरती नव्हे, तर संवर्गातील एकूण रिक्त पदांवर व्हावी. नव्या कायद्यानुसार या पदांचा जास्तीत जास्त तीन वर्षांनी फेरआढावा घेणे बंधनकारक आहे.

यामागे कारण आहे. फोर्ड यांच्या यादीत दृष्टिहीनांसाठी फक्त १० कामे होती. आज पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर असल्याने संगणकावरची असंख्य कामे दृष्टिहीन व्यक्ती करतात. तेव्हा यादी करणाऱ्याने ती दर वेळी नव्याने तपासली पाहिजे. भरती करणाऱ्यानेही उमेदवाराच्या शरीराकडे पाहण्याआधी त्या कामाला खरोखर काय लागते, हे कागदावर मांडून पाहावे. अनेक अटी केवळ सवयीने चालत आलेल्या आहेत, असे तिथेच दिसून येईल.