गॅरँडची रायफल आणि काडतुसांचे कोठार

पायदळातील सैनिकाच्या हाती किती व्यासाच्या नळीची रायफल द्यावी, हा प्रश्न वरकरणी शस्त्रागारातील तंत्रज्ञांचा वाटतो. भारतीय लष्कराने १९९० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची जुनी रायफल मागे टाकून ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ स्वीकारली. पुढे २०१९ मध्ये ७.६२ मिलिमीटरच्या ७२,४०० अमेरिकी रायफली मागविण्यात आल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच व्यासाच्या, परंतु आखूड काडतूस वापरणाऱ्या सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे तयार करण्याचा करार झाला. खडकी आणि वरणगाव येथील दारूगोळ्याचे कारखाने ज्यांच्या परिचयाचे आहेत त्यांना हे सांगावयास नको की, व्यासातील दोन मिलिमीटरच्या फरकामागे साचे, यंत्रे, कोठारे आणि अंदाजपत्रके अशी सारी उतरंड हलत असते. ही उतरंड किती जड असते याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेत १९३२ साली मिळाला. तो ज्याच्या आयुष्यात गुंतलेला आहे तो जॉन गॅरँड हा माणूस ना सेनापती होता, ना कारखानदार. तो सरकारी शस्त्रशाळेतील एक पगारी यंत्रज्ञ होता.

१ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात, सेंट रेमी गावाजवळच्या एका शेतावर त्याचा जन्म झाला. कुटुंब फ्रेंच भाषिक, आणि भावंडे एकूण बारा. आईच्या मृत्यूनंतर वडिलांनी हा सारा कबिला अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील ज्युएट सिटी या गिरणगावात आणला. तेथील कापडगिरणीत जमीन झाडणे आणि बॉबिनी पोचविणे या कामांपासून गॅरँडची सुरुवात झाली. इंग्रजीही तो तेथेच शिकला. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फरक एवढाच की या पोराला गिरणीतील यंत्रांनी वेड लावले आणि ते वेड पुरे करण्यास तेथे वाव मिळाला. तो यंत्रकामगार झाला, पुढे प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन अँड शार्प या अचूक हत्यारांसाठी नावाजलेल्या कारखान्यात लागला. नेमबाजीचा छंदही याच काळात जडला.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लष्कराने हलक्या मशीनगनचे आराखडे मागविले. गॅरँडच्या आराखड्याने अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले, त्याला वॉशिंग्टनच्या मानक संस्थेत काम मिळाले. ती मशीनगन तयार होईपर्यंत युद्ध संपले होते, परंतु माणूस सरकारच्या ध्यानात राहिला. १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत तो रुजू झाला आणि १९५३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला.

त्याच्यापुढे ठेवलेले काम सोपे नव्हते. त्या काळी सर्व प्रमुख सैन्यांची रायफल प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावी लागे अशी होती. लष्कराला हवी होती ती घोडा दाबताच गोळी सोडून पुढचे काडतूस आपणच नळीत घेणारी रायफल, तीही सामान्य सैनिकाला वाहता येईल इतकी हलकी आणि चिखलात पडली तरी चालेल इतकी दणकट. गॅरँडचा पहिला प्रयत्न काडतुसाच्या बुडातील टोपी स्फोटाने किंचित मागे सरकते त्या हालचालीवर बेतलेला होता. कल्पना चतुर होती. परंतु १९२० च्या दशकात लष्कराने दारूची जात बदलली आणि टोपी पुंगळीत घट्ट आवळून बसविण्याची पद्धत आणली. इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली. गॅरँडने नव्याने आरंभ केला. गोळीच्या पाठोपाठ नळीतून येणाऱ्या वायूचा थोडा अंश वळवून त्याने एक दांडा मागे ढकलावयाचा, त्या दांड्याने बोल्ट उघडावयाचा आणि स्प्रिंगने तो परत मिटावयाचा, अशी ही दुसरी रचना होती. काडतूस बदलले की रायफल बदलते, हा धडा त्याला अशा रीतीने पहिल्यांदा मिळाला. दुसऱ्यांदा तो अधिक मोठ्या प्रमाणावर मिळावयाचा होता.

अमेरिकी पायदळाचे काडतूस तेव्हा ०.३० इंच व्यासाचे, १९०६ सालचे होते. लांब पल्ल्याच्या लढायांचे संस्कार त्यावर होते. ते शेकडो यार्डांवर जोरदार मारा करी, परंतु जड होते आणि खांद्याला दणकाही मोठा देई. जॉन पेडरसन या नामवंत संशोधकाने असे मांडले की, स्वयंभरण रायफल हलकी राहावयाची तर काडतूसच लहान केले पाहिजे. त्याने ०.२७६ इंच व्यासाचे, १२५ ग्रेन वजनाच्या गोळीचे काडतूस सिद्ध केले आणि त्याभोवती आपली रायफल रचली. लष्कराने ही सूचना गांभीर्याने घेतली हे तिच्या श्रेयाचे आहे. लहान गोळी शत्रूला रोखू शकेल काय, ही शंका तर्काने सुटणारी नव्हती. म्हणून १९२८ मध्ये मेरीलँडमधील अ‍ॅबरडीन येथे भूल दिलेल्या डुकरांवर ०.३०, ०.२७६ आणि ०.२५६ इंच अशा तिन्ही व्यासांच्या गोळ्या वेगवेगळ्या अंतरांवरून झाडण्यात आल्या. हा प्रयोग वाचताना मन खंतावते, परंतु त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता. लढाईच्या नेहमीच्या अंतरांवर लहान गोळ्या कमी पडत नव्हत्या, उलट सर्वांत लहान गोळीने केलेल्या जखमा अधिक गंभीर ठरल्या. हलकी गोळी शरीरात शिरताच तोल जाऊन कोलांटते आणि आपली शक्ती तेथेच खर्च करते. जड गोळी पुष्कळदा तशीच आरपार निघून जाते.

यानंतर गॅरँडनेही आपली रचना ०.२७६ इंची काडतुसाला बसविली. दोन रायफलींची चढाओढ लागली. पेडरसनची रायफल सुबक असली तरी तिच्या काडतुसांच्या पुंगळ्यांना मेणाचा पातळ लेप द्यावा लागे, एरवी त्या नळीत अडकत. गॅरँडच्या रायफलीला असे लाड लागत नव्हते. तिचे भाग थोडे आणि बनविण्यास सोपे होते, दहा काडतुसांची क्लिप एका दमात आत बसे. १९३२ च्या आरंभी चाचणी मंडळाने गॅरँडच्या ०.२७६ इंची रायफलीची शिफारस केली. बारा वर्षांच्या श्रमांचे चीज झाले असे वाटण्याचा तो क्षण होता.

फेब्रुवारी १९३२ मध्ये सरसेनापती डग्लस मॅकआर्थर यांनी व्यास बदलण्यास नकार दिला.

हा नकार लष्करी इतिहासात पुष्कळदा हट्टीपणाचा नमुना म्हणून दाखविला जातो. ते न्याय्य नाही. मॅकआर्थर यांच्यापुढे दोन मुद्दे होते आणि त्यांची प्रत वेगवेगळी आहे. पहिला मुद्दा साठ्याचा. महायुद्धातून उरलेली ०.३० इंची काडतुसे कोठारांत प्रचंड प्रमाणात पडून होती. आर्थिक मंदीने देश गांजलेला, लष्कराच्या अंदाजपत्रकाला कात्री लागलेली. अशा वेळी हातची काडतुसे निरुपयोगी करून नव्यांवर खर्च करणे कोणत्याही कारभाऱ्याला जड गेले असते. परंतु भांडवलाचा हिशेब करणारा कोणीही सांगेल की, जो पैसा खर्च होऊन गेला तो पुढील निर्णयाच्या पारड्यात टाकावयाचा नसतो. त्या साठ्यातून यापुढे किती उपयोग निघेल एवढेच पाहावयाचे असते. काडतुसे तर सरावातच संपत जाणारी वस्तू. प्रत्यक्षात झालेही तसेच. १९३६ मध्ये नवी रायफल अधिकृत झाली त्या सुमारास तो जुना साठा संपतच आला होता, आणि दुसऱ्या महायुद्धासाठी अब्जावधी काडतुसे नव्यानेच तयार करावी लागली.

दुसरा मुद्दा मात्र कसदार होता. ०.३० इंची काडतूस रायफलीपुरते नव्हते, ब्राउनिंग मशीनगनही त्याच काडतुसावर चालत. मशीनगनला लांब पल्ला हवा असल्याने तिचे काडतूस लहान करणे शक्य नव्हते. म्हणजे एकाच तुकडीला दोन प्रकारच्या काडतुसांचा पुरवठा आला. मागच्या तळापासून खंदकापर्यंत खेचरांवरून आणि ट्रकांतून जाणाऱ्या पेट्यांत एकदा चूक झाली म्हणजे त्या तुकडीच्या हाती नुसती लाकडे उरतात. पॅसिफिकच्या बेटांवर आणि युरोपच्या हिवाळ्यात एकच काडतूस असल्याचा लाभ अमेरिकी सैन्याला मिळाला, हे नाकारता येणार नाही.

त्याची किंमत कोणी दिली, हे कागदोपत्री दिसत नाही. ती सैनिकाने आपल्या कमरेवर वाहिली. ०.३० इंची काडतुसे जाड असल्याने गॅरँडच्या क्लिपमध्ये दहाऐवजी आठच मावली. अमेरिकी सैनिकाच्या पट्ट्याला दहा कप्पे असत आणि कप्प्याला एक क्लिप. जेथे शंभर काडतुसे मिळावयाची तेथे ऐंशी मिळाली. एवढे करून त्यांचे वजन दोन किलोंच्या वर भरे, आणि रायफलीचे साडेनऊ पौंड निराळे.

गॅरँडने या निर्णयावर त्रागा केल्याची नोंद नाही. ०.३० इंची काडतुसाची एक रायफल त्याने आधीच तयार केली होती. चाचणीत तिचा बोल्ट तडकल्याने ती मागे पडली होती. तीच त्याने पुन्हा हाती घेतली, बोल्ट सुधारला आणि चार वर्षे चाचण्यांमागून चाचण्या दिल्या. ९ जानेवारी १९३६ रोजी ‘एम वन’ या नावाने ती अमेरिकी लष्कराची रायफल झाली. पेडरसनचे नाव येथून पुढे मागे पडते. काडतूस त्याचे होते, आणि ते काढून घेतल्यावर त्याच्या रायफलीला आधार उरला नाही. गॅरँडची रचना दणकट असल्याने ती काडतुसाचा बदल सोसू शकली.

रायफल मंजूर होणे आणि ती लाखांनी तयार होणे यांत मोठे अंतर असते. या दुसऱ्या कामात गॅरँड बहुधा पहिल्याहूनही मोठा होता, आणि त्याचे चरित्र सांगणारे याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. रायफलीचे भाग कापणारी कित्येक यंत्रे आणि हत्यारे त्याने स्वतः आखली. गिरणीतल्या पोराला यंत्राचे यंत्र कसे करावे हे ठाऊक होते. सुरुवातीच्या रायफली वापरात आल्यावर दोष निघाले. नळीच्या टोकाशी वायू पकडणारी रचना बदलून १९४० च्या सुमारास नळीलाच छिद्र पाडावे लागले, क्लिपमधील सातवे काडतूस अडकण्याची तक्रार आली तीही दूर करावी लागली. वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. एका प्रतिस्पर्धी रायफलीचा पुरस्कार करणारे गृहस्थ मोठ्या आवाजात बोलत होते. गॅरँड कार्यशाळेत होता. युद्ध संपेपर्यंत चाळीस लाखांवर एम वन रायफली तयार झाल्या. जर्मन आणि जपानी पायदळाची मुख्य रायफल अखेरपर्यंत हाताने बोल्ट ओढण्याची राहिली असताना प्रत्येक अमेरिकी सैनिकाला स्वयंभरण रायफल देण्याचे सामर्थ्य या यंत्रांत होते.

त्याला मिळाले काय? आपल्या पेटंटांचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले होते. रायफलीमागे एक सेंटही त्याला मिळाला नाही. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे आले, ते संमत झाले नाही. १९४१ आणि १९४४ मध्ये पदके मिळाली. तो पगारावर जगत राहिला. बर्फावर घसरण्याचा त्याला विलक्षण नाद होता, आणि एका हिवाळ्यात त्याने आपल्या घरातील दिवाणखान्यात पाणी सोडून त्याचे बर्फ केले अशी कथा सांगतात.

युद्धानंतर व्यासाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी जुन्या साठ्याची सबबही नव्हती. जर्मनांनी आणि रशियनांनी युद्धातच आखूड काडतुसे वापरात आणली होती. बहुतेक रायफली तीनशे यार्डांच्या आतच परिणामकारक ठरतात, असे अमेरिकी लष्करासाठी १९५२ मध्ये झालेल्या पाहणीनेच दाखवून दिले. ब्रिटनने १९५१ मध्ये ०.२८० इंची, म्हणजे पेडरसनच्या जवळपासचे, काडतूस पसंत केले. अमेरिकेने ते मानले नाही. आपलेच ०.३० इंची काडतूस थोडे आखूड करून, ७.६२ मिलिमीटर या नावाने तिने ते नाटोच्या गळ्यात घातले. १९३२ मध्ये गरज म्हणून घेतलेला निर्णय वीस वर्षांनी शहाणपण म्हणून मिरवू लागला. मॅकआर्थर यांच्या नकारापेक्षा ही चूक अधिक अक्षम्य होती. त्या काडतुसासाठी गॅरँडच्याच रचनेतून १९५७ मध्ये एम फोर्टीन रायफल निघाली. सलग गोळीबारात ती खांद्यावर स्थिर राहीना. व्हिएतनामच्या जंगलात तिची जागा ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीने घेतली. तिचे काडतूस जेमतेम बारा ग्रॅमचे, जुन्या काडतुसाच्या निम्म्याहून कमी वजनाचे. मग लंबक उलट्या टोकाला गेला. दूरवरून आणि चिलखतावर ही गोळी अपुरी पडते अशी ओरड झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने ६.८ मिलिमीटर व्यासाच्या रायफलीची निवड केली. इंचांत सांगावयाचे तर तो व्यास ०.२७७ भरतो. तिचे काडतूस मात्र पेडरसनच्या काडतुसासारखे सौम्य नाही. ते जुन्या ०.३० इंचीइतकेच जोरकस आहे, त्यामुळे वजनाचा आणि दणक्याचा प्रश्न सैनिकाच्या खांद्यावर परत आला आहे.

गॅरँडने यांतील पहिला अर्धा भागच पाहिला. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्ड येथे तो वारला. त्याने ज्या शस्त्रशाळेत चौतीस वर्षे काढली ती १९६८ मध्येच बंद झाली होती. तेथे आता संग्रहालय आहे.