आरोपीचा कैवारी

मुंबईत महालक्ष्मीच्या दर्शनास जाणारा गोमंतकीय यात्रिक ज्या रस्त्याने देवळापाशी पोहोचतो, त्या रस्त्याला भुलाभाई देसाई यांचे नाव दिलेले आहे. जुनी मंडळी त्याला अजूनही वॉर्डन रोड म्हणतात. नव्या पिढीला वॉर्डन कोण हे ठाऊक नाही आणि भुलाभाई कोण हेही ठाऊक नाही. दरवर्षी ६ मे रोजी येणारी त्यांची पुण्यतिथी बहुधा कोणाच्या ध्यानातही न येता निघून जाते. ज्या वकिलाने साम्राज्याच्या लष्करी न्यायासनासमोर उभे राहून तीन आरोपींचा बचाव केला आणि त्या बचावातून सबंध देशाची बाजू मांडली, त्याचे इतके विस्मरण व्हावे ही खेदाची गोष्ट होय. आजही आपल्यातील कितीतरी माणसे पोलीस ठाण्याच्या वा कचेरीच्या पायरीवर एकटी आणि भेदरलेली उभी असतात. त्यांच्यासाठी तरी या चरित्राची उजळणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भुलाभाईंचा जन्म १३ ऑक्टोबर १८७७ रोजी गुजरातेतील वलसाड येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी इतिहास आणि वाङ्मय या विषयांत नाव मिळविले, इंग्रजी घेऊन ते एम. ए. झाले आणि अहमदाबादच्या गुजरात महाविद्यालयात त्याच विषयांचे अध्यापन करू लागले. अध्यापन करता करताच त्यांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला आणि १९०५ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिलीची सनद घेतली. तेथे त्यांचा जम असा बसला की थोड्याच वर्षांत आघाडीच्या वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले ॲटर्नी जनरल झालेले मोतीलाल सेटलवाड हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मिळकत मोठी होती, राहणी ऐटीची होती. ॲनी बेझंट यांची होमरूल चळवळ आणि नंतर नेमस्तांचा पक्ष यांच्याशी त्यांचा संबंध आला, तरी पन्नाशीपर्यंत त्यांचे खरे क्षेत्र न्यायालय हेच होते.

१९२८ साली त्यांच्या आयुष्याला वळण लागले. बारडोली तालुक्यात सरकारने शेतसाऱ्यात सुमारे २२ टक्क्यांची वाढ केली आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले. जप्त्या झाल्या, गुरे गेली, जमिनी लिलावात निघाल्या. तरी तालुका नमला नाही. अखेर ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली. चौकशीसाठी नेमलेल्या दोन अधिकाऱ्यांपैकी ब्रूमफील्ड हे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश, तर मॅक्सवेल हे महसूल खात्यातील. सरकारी चौकशीपुढे सामान्य कुणब्याची गत काय होते हे आपण जाणतोच. कागद सरकारचे, आकडे सरकारचे, भाषा सरकारची; शेतकऱ्यापाशी फक्त त्याची जमीन आणि त्याचे गाऱ्हाणे. या चौकशीपुढे शेतकऱ्यांचा कायदेशीर पक्ष मांडण्यास भुलाभाई उभे राहिले. गावोगाव हिंडून आकडे आणि साक्षी जुळविण्याचे कष्ट महादेव देसाई आणि नरहरी पारीख यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी उपसले. अहवाल आला तेव्हा २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली होती. शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे आधीही खरेच होते. परंतु ते कायद्याच्या भाषेत मांडणारा कोणी भेटल्यावर सरकारला ते ऐकून घ्यावे लागले, हे भुलाभाईंना बारडोलीने दाखविले.

१९३० साली ते काँग्रेसमध्ये आले. स्वदेशीच्या प्रचारासाठी त्यांनी स्थापिलेली सभा सरकारने बेकायदा ठरविली, १९३२ साली त्यांना अटक झाली, आणि इतरांचे खटले चालविणारा हा वकील स्वतः कैदी झाला. तुरुंगात प्रकृती ढासळली ती पुरती कधी सुधारलीच नाही. १९३४ साली मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेल्यावर काँग्रेस पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. वैयक्तिक सत्याग्रहाच्या वेळी, १९४० च्या डिसेंबरात, त्यांना पुन्हा पकडून येरवड्यास धाडण्यात आले आणि पुढील वर्षी प्रकृतीच्या कारणास्तव सोडण्यात आले.

यानंतरचा प्रसंग त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद होय. १९४२ च्या आंदोलनामुळे काँग्रेसचे श्रेष्ठी तुरुंगात असताना, कायदेमंडळात त्यांनी मुस्लीम लीगचे लियाकत अली खान यांच्याशी हंगामी सरकारविषयी बोलणी केली. गांधीजींना या बोलण्यांची कल्पना होती. १९४५ च्या आरंभी हा मसुदा बाहेर आला तेव्हा लियाकत अलींनी कानांवर हात ठेवले आणि तुरुंगातून सुटून आलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांचा भुलाभाईंवर रोष झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत, ज्याने पक्षाचे कायदेमंडळात दहा वर्षे नेतृत्व केले त्याला उमेदवारीही मिळाली नाही. या कराराचे गुणदोष इतिहासकारांनी ठरवावेत. परंतु जन्मभर दुसऱ्यांची बाजू मांडलेल्या या माणसाची बाजू त्या घटकेला कोणी नेटाने मांडली नाही, हे कोणासही दिसण्यासारखे आहे.

अशा मानहानीच्या आणि आजाराच्या काळात आझाद हिंद फौजेच्या बचावाचे काम त्यांच्याकडे आले. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने या फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटले भरण्याचे ठरविले. पहिल्या खटल्यात शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ असे तिघे आरोपी होते. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप तिघांवर होता. शिवाय फौजेतून पळू पाहणाऱ्या शिपायांना ब्रह्मदेशात देहान्त शासन दिल्याबद्दल धिल्लाँवर खुनाचा आणि इतर दोघांवर खुनास साहाय्य केल्याचा आरोप होता. खटल्याची जागा दिल्लीचा लाल किल्ला. १८५८ साली बहादूरशहा जफर यास आरोपी म्हणून उभे केले तेही येथेच. न्यायासनावर सात लष्करी अधिकारी, त्यांतील चार इंग्रज.

काँग्रेसने बचाव समिती नेमली. तीत तेजबहादुर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली अशी नामांकित मंडळी होती. जवाहरलाल नेहरूंनीही कित्येक वर्षांनंतर वकिलाचा झगा अंगावर चढविला. जपानची मदत घेण्याच्या सुभाषबाबूंच्या मार्गाला युद्धकाळात नेहरूंनी उघड विरोध केला होता, तरीही ते आरोपींच्या बाजूला येऊन बसले. मार्गाविषयीचा मतभेद आणि आरोपीचा बचावाचा हक्क या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. या बचावाचा सारा भार मात्र भुलाभाईंच्या खांद्यावर पडला. त्यांची प्रकृती इतकी खालावली होती की दुसऱ्या कोणी अशा वेळी अंथरूण धरले असते.

५ नोव्हेंबर १९४५ रोजी खटला सुरू झाला. तयारीसाठी बचाव पक्षाने अवधी मागून घेतला आणि कामकाज २१ नोव्हेंबरपासून पुढे चालले. सरकारच्या बाजूस ॲडव्होकेट जनरल सर एन. पी. इंजिनियर होते. भुलाभाईंनी सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आणि आपल्या बाजूने जपानी परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांनाही साक्षीस आणले. आरोपींवर दयेची याचना करण्याची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. त्यांनी जो मुद्दा उभा केला तो मूलगामी होता. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात स्थापन झालेले आझाद हिंदचे हंगामी सरकार हे रीतसर सरकार होते. त्याला जपान, जर्मनी आदी राष्ट्रांची मान्यता होती, त्याचे सैन्य होते, सैन्याचा कायदा होता. त्या सरकारने रीतसर युद्ध पुकारले असता त्याच्या सैनिकाने रणांगणावर केलेले कृत्य हा देशाच्या दंडसंहितेखालील वैयक्तिक गुन्हा होत नाही, असे प्रतिपादन त्यांनी केले. गुलाम राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायदा नाकारत नाही, हे सांगताना त्यांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या अमेरिकेचाच दाखला इंग्रज न्यायाधीशांपुढे ठेवला. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडल्यावर आपल्याच अधिकाऱ्यांनी ज्या हिंदी सैनिकांना जपान्यांच्या स्वाधीन केले, त्यांच्याकडून राजनिष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी, हाही त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खुनाच्या आरोपांबाबत त्यांनी पुराव्याची छाननी केली. दोन दिवस त्यांचे हे भाषण चालले होते.

न्यायासनाने युद्ध पुकारल्याबद्दल तिघांनाही दोषी ठरविले. धिल्लाँ आणि सहगल हे मात्र खुनाविषयीच्या आरोपांतून सुटले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. परंतु तोवर सारा देश पेटला होता आणि सैन्यातही अस्वस्थता पसरली होती. ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. बडतर्फी आणि पगारजप्ती तेवढी कायम राहिली. तिघेही सुटले. आमच्या शेजारच्या सावंतवाडी मुलुखातील तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले हेही याच फौजेचे ज्येष्ठ सेनानी होते. त्यामुळे या सुटकेचा आनंद कोकणच्या घराघरांत झाला असेल यात नवल नाही.

अवघ्या चार महिन्यांनी, ६ मे १९४६ रोजी, भुलाभाई निवर्तले. देश स्वतंत्र झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाही.

याच १९४६ साली, १८ जूनच्या मडगावच्या सभेनंतर, गोव्यात काय घडले याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. नागरी स्वातंत्र्य मागणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायासनापुढे उभे करण्यात आले, आठ वर्षांची सजा देण्यात आली आणि थेट पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. लष्करी न्यायासने दोन्हीकडे होती. परंतु लाल किल्ल्यात बचावाला अवधी मिळाला, साक्षी झाल्या, आणि तेथील प्रत्येक शब्द वृत्तपत्रांतून देशभर गेला. सालाझारशाहीत वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षणाचे कुलूप होते. आरोपीचा आवाज न्यायालयाच्या भिंतींबाहेर जाऊ नये हीच तेथील राजनीती. बचाव मोकळा असला की जुलमी राज्याच्या न्यायालयातही सत्याला वाट सापडते. तो कोंडला की न्याय हा केवळ हुकूम उरतो.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा धडा गिरविला. अटकेची कारणे समजून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करवून घेण्याचा हक्क २२ व्या कलमाने दिला. अटकेतील माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधनही त्याच कलमात आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेसाहाय्याचे कर्तव्य राज्यावर आले, आणि त्यासाठी १९८७ साली झालेला कायदा १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जातिजमातींची माणसे आणि कोठडीतील कोणीही आरोपी यांना मिळकतीचा हिशेब न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. परंतु हे किती जणांना ठाऊक आहे? वाहतुकीच्या दंडाची पावती चुकीची असेल तर तीविरुद्ध दंडाधिकाऱ्यापुढे दाद मागता येते, किंवा तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेता येत नाही, एवढ्या साध्या गोष्टीही आपल्याकडील सुशिक्षितांना माहीत नसतात. मग समोर ठेवलेल्या कागदावर सही होते, कोणा मध्यस्थाच्या हाती पैसे पडतात, आणि बिनदोष माणूसही वर्षानुवर्षे अडकून पडतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. लाल किल्ल्यातील आरोपींवर सत्तेचा रोष होता, पण लोक त्यांच्या बाजूने होते. आज अनेकदा उलटे घडते. एखाद्या घोर गुन्ह्याचा आरोप झाला की लोक खवळतात आणि या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असे ठराव वकिलांच्याच संघटना करतात. असे ठराव बेकायदा आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले आहे. लोकांचा क्षोभ आम्ही समजू शकतो. त्यामागे पीडितांचे दुःख असते. परंतु अपराध शाबीत होण्यासाठीच बचाव व्हावा लागतो. ज्याची बाजू ऐकलीच नाही त्याला झालेली शिक्षा वरच्या न्यायालयात टिकत नाही, आणि मग पीडितालाही न्याय मिळत नाही. आरोपीचा वकील हा गुन्ह्याचा भागीदार नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

भुलाभाईंचे स्मारक रस्त्याच्या पाटीवर आहेच. परंतु आपल्या गावचा एखादा तरुण वकील कोठडीतील एखाद्या निराधार माणसाचे वकीलपत्र मोबदल्याची फिकीर न करता घेईल, त्याबद्दल आळीतल्या लोकांची बोलणी सोसेल आणि तरीही न्यायालयात नेटाने उभा राहील, त्या दिवशी त्यांचे खरे स्मरण होईल. असे वकील प्रत्येक तालुक्यात निघोत, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची सुबुद्धी समाजास लाभो, एवढीच आमची अपेक्षा आहे.