खर्च वाढला म्हणून गेले, पण रेल्वेचा पैसा वाचवून गेले : हिदेओ शिमा

भेस्तान (सुरत) : उधना आणि सचिनच्या मधलं भेस्तान स्टेशन इथल्या मराठी कुटुंबांच्या रोजच्या ओळखीचं. इथून मेल-एक्सप्रेस धडधडत जाते, तेव्हा पुढचं डब्ल्यूएपी-७ इंजिन एकटंच १२३ टनांचं असतं. म्हणजे दर ॲक्सलवर साडेवीस टन. सुरतजवळ अंत्रोलीला थांबणार असलेल्या बुलेट ट्रेनला मात्र असं वेगळं इंजिनच नसतं. ही पद्धत जपानमध्ये तडीस नेणारे इंजिनिअर म्हणजे हिदेओ शिमा.

शिमा यांचा जन्म १९०१ साली ओसाकात झाला. वडीलही रेल्वे इंजिनिअर. १९२५ मध्ये ते सरकारी रेल्वेत लागले आणि वाफेची इंजिनं तयार करू लागले. पण जपानची जमीन भुसभुशीत. जड इंजिन आलं की पूल भक्कम हवा, रूळही लवकर झिजतात. मोटारी डब्याडब्यांखाली वाटल्या तर भारही वाटला जातो, बांधकाम स्वस्त पडतं आणि गाडी वेग पटकन घेते, असा त्यांचा साधा हिशेब होता. १९५० मध्ये टोकियोहून अशी लांब पल्ल्याची गाडी सुरू झालीसुद्धा.

१९५१ साली योकोहामात लोकलला आग लागून शंभरावर माणसं गेली. शिमा यांनी नोकरी सोडली. १९५५ मध्ये रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी त्यांना परत बोलावून मुख्य इंजिनिअर केलं. टोकियो-ओसाका नव्या मार्गासाठी जागतिक बँकेचं ८ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. तरी खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला आणि १९६३ मध्ये दोघांनाही पद सोडावं लागलं. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ताशी २१० किलोमीटरची गाडी सुटली, ती शिमा यांनी घरी टीव्हीवर पाहिली.

हिशेब मात्र पुढे चालूच राहिला. पहिल्या गाडीचा ॲक्सलवरचा भार सुमारे १६ टन होता. १९९२ च्या ॲल्युमिनियमच्या गाडीत तो ११ टनांच्या आसपास आला. १६ डब्यांची गाडी सुमारे ९७० टनांवरून ७१० टनांवर उतरली. वजन उतरलं की वीज कमी लागते, रुळांची दुरुस्तीही कमी होते.

शिमा १९९८ मध्ये वारले. मुंबई-अहमदाबादचा ५०८ किलोमीटरचा मार्ग बहुतेक पुलांवरूनच जातो. तिथे गाडीचा एकेक टन पुलाच्या खर्चात आणि विजेच्या बिलात मोजला जाणार. खर्च वाढला म्हणून ज्यांना जावं लागलं, त्यांचाच हिशेब आता इथे कामी येणार आहे.