आपल्या माशांना मराठी नावानेच जगात नेणारे कर्नल साईक्स

शेततळ्यात, गावतळ्यात आज आपण कटला, रोहू, मृगळाचं बीज सोडतो. हे मासे मूळचे गंगेकडचे. मग आपल्या दख्खनच्या नद्यांत, डोहांत पूर्वी कुठले मासे होते? याची पहिली मोठी यादी एका लष्करी साहेबाने केलीय.

विल्यम हेन्री साईक्स यांचा जन्म १७९० चा. पोरवयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आले. १८१७ ला खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले, हेही सांगायला हवं. पण ते मराठी शिकले होते. १८२४ मध्ये एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं. लोकसंख्या, पिकं, जमीन, हवापाणी, त्यासोबत पक्षी आणि मासेही. १८२९ ला ते पदच सरकारने मोडलं. तरी साहेबांनी काम सोडलं नाही, १८३१ पर्यंत ते पुरं करूनच मायदेशी गेले.

१८३८ ला लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी दख्खनच्या चाळीसहून जास्त माशांची माहिती मांडली. काही नावं इंग्रज पंडितांच्या मानाची दिली. पण बरीचशी इथल्या लोकांच्या तोंडचीच ठेवली: खुद्री, कोळस, नुकटा, शिंगटी, मुल्या. परदेशातला शास्त्रज्ञ आजही हीच नावं लिहितो. मासे धरून देणाऱ्या आपल्या माणसांची नावं मात्र कुठे राहिली नाहीत.

साईक्स पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, खासदारही झाले. १८७२ ला वारले.

त्यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला खुद्री म्हणजे आपला महाशीर. आता तिथे नदीच्या पाण्याची काय दशा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहात तो देवीचा मासा म्हणून टिकला, तिथे कुणी जाळं टाकत नाही. दुसरीकडे लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर, म्हणजे माणसाने बांधलेल्या तळ्यावर, १९७० च्या दशकापासून त्याचं बीज तयार केलं गेलं आणि देशभर पाठवलं गेलं. ते कावेरीतही सोडलं. तिथे याच खुद्रीने हातपाय पसरले आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर आता नामशेष व्हायच्या वाटेवर आहे.