मोलोकाईचे फादर डेमियन

प्रशांत महासागरात हवाई नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील मोलोकाई बेटाच्या उत्तरेस समुद्रात शिरलेला जमिनीचा एक सखल तुकडा दिसतो. तीन बाजूंना खवळलेला सागर आणि चौथ्या बाजूस सुमारे दोन हजार फूट उंचीचा उभा कडा! निसर्गाने जणू बंदिशाळाच बांधून ठेवली होती.

त्या काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. तेथे कुष्ठरोग पसरू लागला, तेव्हा १८६५ साली सरकारने कायदा करून रोग्यांना वेगळे ठेवण्याचे ठरविले आणि १८६६ पासून त्यांना या ठिकाणी आणून सोडण्यास आरंभ केला. रोगावर त्या वेळी खात्रीचा उपाय नव्हता. आई मुलाला अंतरली, पती पत्नीला दुरावला. देहाच्या पीडेहून जगाने आपल्याला टाकले ही व्यथा अधिक जिव्हारी लागे. निराश होऊन कित्येक जण मद्य आणि जुगार यांच्या नादी लागले. मृतांना धड मूठमातीही मिळेना. अशा स्थितीतही काही रोग्यांनी १८६६ मध्येच एकत्र येऊन एक लहानसे प्रार्थनामंडळ स्थापिले होते. श्रद्धेची ती पणती मिणमिणत का होईना, पण तेवत होती.

फादर डेमियन यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील त्रेमेलो या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव जोसेफ. धर्मसेवेसाठी त्यांचे थोरले बंधू हवाईला जाणार होते. परंतु ते आजारी पडल्यामुळे जोसेफ यांनी त्यांची जागा घेतली. १८६४ साली ते हवाईला पोहोचले व तेथेच त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

पुढे १८७३ साली बिशपांनी मोलोकाईच्या रोग्यांचा प्रश्न आपल्या धर्मगुरूंपुढे मांडला. चौघे जण आळीपाळीने तेथे राहण्यास सिद्ध झाले. पहिली पाळी तेहतीस वर्षांच्या डेमियन यांची होती. १० मे रोजी ते तेथे उतरले आणि पाळी संपवून परत जाण्याचा विचारच त्यांनी सोडून दिला. आरंभीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या.

त्यांनी उपदेशापूर्वी हातोडा उचलला. रोग्यांना सोबत घेऊन लाकडी घरे उभारली, नळाने पाणी आणले, अनाथ मुलांसाठी वसतिगृह काढले. शवपेट्या ते स्वतः तयार करीत व थडगीही स्वतः खणीत. आता प्रत्येक मृताला वाद्यांच्या साथीने, सोबत्यांच्या खांद्यावरून निरोप मिळू लागला. प्रार्थनामंदिरात गायकवृंद उभा राहिला. रोगाने बोटे खुरटलेले दोघे जण शेजारी बसून एकच बाजा वाजवीत. एकाला जे साधत नसे, ते दोघांना मिळून साधे. टाकलेली माणसे एकमेकांची झाली.

डेमियन यांच्याही वाट्याला एकांतवास आला. ख्रिस्ती धर्मगुरूला आपल्या दोषांची कबुली दुसऱ्या धर्मगुरूपाशी एकांतात द्यावी लागते. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले. पण कप्तानाने कोणालाही किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि डेमियन यांनाही वर घेतले नाही. तेव्हा होडीत उभे राहून, सर्वांच्या देखत, मोठ्याने ओरडून त्यांनी आपली कबुली दिली. लोकलज्जेपेक्षा त्यांना मनःशांती मोलाची वाटली.

१८८४ च्या अखेरीस त्यांचे पाऊल अत्यंत गरम पाण्यात पडले, तरी वेदना जाणवली नाही. रोग आपल्यालाही जडला, हे त्यांनी ओळखले. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. १८८६ मध्ये जोसेफ डटन नावाचे अमेरिकन गृहस्थ आणि १८८८ मध्ये मदर मेरियन कोप व त्यांच्या भगिनी साहाय्यास आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, फादर डेमियन यांनी आपल्या माणसांत देह ठेवला.

ज्या १८७३ साली ते मोलोकाईला गेले, त्याच वर्षी नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. हवाईतील सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९६९ साली संपुष्टात आला. डेमियन यांच्यापाशी औषध नव्हते. ईश्वरावरील निष्ठा आणि माणसाच्या जवळ जाऊन बसण्याचे धैर्य एवढेच त्यांचे भांडवल होते. तेवढ्यावर त्यांनी बंदिशाळेचे गाव केले.