शेक्सपियरच्या कथांना हिंदी रूप देणारे सेठ गोविंददास

जबलपूर : आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचे ‘झुंजारराव’ यांनी शेक्सपियरला मराठी वेश चढवला. जबलपूरच्या सेठ गोविंददासांनी हिंदीत वेगळी वाट निवडली. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’, ‘ॲज यू लाइक इट’, ‘पेरिक्लीस’ व ‘द विंटर्स टेल’ या नाटकांच्या आधारे त्यांनी तरुणपणीच हिंदी कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८९६ रोजी राजा गोकुळदासांच्या धनाढ्य घराण्यात झाला. १९१७ मध्ये ‘विश्वप्रेम’ हे त्यांचे पहिले नाटक प्रसिद्ध झाले आणि रंगमंचावरही आले. मात्र घराण्याचे वैभव ब्रिटिश सत्तेच्या मर्जीशी जोडलेले होते. असहकार चळवळीत उतरलेल्या गोविंददासांनी वडिलोपार्जित संपत्तीवरील हक्क सोडला, कारावास पत्करला आणि तुरुंगातही नाट्यलेखन चालू ठेवले. पुढे इब्सेनच्या प्रभावाने त्यांच्या लेखनाला नवे वळण लागले. ‘कर्तव्य’, ‘हर्ष’, ‘प्रकाश’ यांसह शंभराहून अधिक नाटके व एकांकिका त्यांच्या नावावर आहेत.

१९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. इंग्रजी नाटककाराकडून प्रेरणा घेणाऱ्या या लेखकाचा आग्रह राज्यकारभारात हिंदीचाच होता. १९६३ च्या राजभाषा विधेयकावर त्यांनी स्वपक्षाची भूमिका बाजूस ठेवून विरोधात मत दिले. त्यांना १९६१ मध्ये पद्मभूषण सन्मान लाभला. १९५७ पासून लोकसभेत जबलपूरचे प्रतिनिधित्व करणाऱ्या गोविंददासांचे १९७४ मध्ये निधन झाले.