पेटीवाले गोविंदराव टेंबे

शिरूर काय आणि दौंड काय, आमच्या दोन्ही तालुक्यांत भजनी मंडळाची पेटी नाही असं गाव शोधावंच लागेल. माझं घर दौंडला आणि आजोळ शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, त्यामुळे दोन्हीकडचे सप्ताह मी भरपूर ऐकलेत. फलकावर कीर्तनकार महाराजांचं नाव सगळ्यात मोठं, मग मृदंगाचार्य, मग गायनाचार्य. पेटीवाला असलाच तर शेवटी, बारीक अक्षरात. रात्रभर सूर धरायचा त्याने, आणि गावाला तो माहीत असतो कुणाचा तरी मामा म्हणून!

म्हणून मित्रांनो, या अंकात एका पेटीवाल्याविषयीच लिहायचं ठरवलं. गोविंद सदाशिव टेंबे. जन्म कोल्हापूरचा, ५ जून १८८१. पेटी ते बरीचशी स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं कानावर पडलं, पुढे भास्करबुवा बखले यांचं मार्गदर्शन आणि साथीला बसायची संधी मिळाली. शाहू महाराजांच्या दरबारी असलेले अल्लादियाखाँ यांना ते मनोमन गुरू मानत. खाँसाहेबांनी त्यांना समोर बसवून रीतसर तालीम दिली नव्हती. गोविंदरावांनी ऐकून ऐकून ती अवघड, वळणावळणाची गायकी उचलली आणि पेटीवर आणली.

यात एवढं काय विशेष, असं वाटेल. इथं आपल्याला थोडं इंजिनिअरिंग लागतं! पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणजे प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट. सा २४० हर्ट्झचा धरला तर गवयाच्या गळ्यातला शुद्ध गंधार येतो ३०० वर आणि पेटीचा येतो ३०२.४ वर. दोन्ही एकदम लावा, सेकंदाला दोनअडीच ठोके ऐकू येतील. पंचम मात्र जवळजवळ जुळतो, ३६० ला ३५९.६. दुसरी अडचण मींडेची. गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीला घसरता येतच नाही, पट्टी एक तर दाबलेली असते नाही तर सोडलेली. सरळ डिजिटल कारभार!

अशीच पंचाईत अमेरिकेतल्या ब्लूज वाजवणाऱ्या काळ्या पियानोवादकांची होती. त्यांना हवा असलेला सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी, म्हणून ते शेजारच्या दोन्ही पट्ट्या एकदम चिरडत. आपला पेटीवाला शेजारच्या पट्टीला ओझरता स्पर्श करून पुढे जातो आणि भात्याचा दाब कमी-जास्त करतो, तेव्हा मींडेचा भास होतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी तर १९११ च्या सुमारास लंडनहून बावीस श्रुतींची पेटीच बनवून आणली. ती काही रुळली नाही. साध्याच पेटीतून काय निघू शकतं ते दाखवणारे मात्र गोविंदराव. साथीचं वाद्य त्यांनी एकट्याने मैफल करण्याच्या योग्यतेला नेलं.

त्याच १९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं आणि चाली दिल्या गोविंदरावांनी. उत्तरेकडच्या ठुमऱ्या, दादरे, गझला यांच्या ढंगावर त्यांनी पदं बांधली. मराठी नाटकाचं गाणं तिथून बदललं असं जाणकार मानतात, आणि मला ते पटतं. आपल्या हॉस्टेलच्या गॅदरिंगमध्ये जे कुणी नाट्यगीत म्हणेल, त्यात निम्म्या वेळा ‘मानापमान’मधलंच असेल!

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटीवर बसणारा माणूस आता मालकही झाला आणि नायकाच्या भूमिकाही करू लागला. त्या काळी कंपन्या पडदे, कपडे, आचारी असं सगळं बिऱ्हाड घेऊन रेल्वेने हिंडत. पुण्याहून सोलापूर किंवा नगर गाठायचं तर तेव्हा आमचं दौंड जंक्शन चुकत नसे! गोविंदराव काही वर्षांतच वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी उभी केली. ती गंधर्व मंडळीसारखी दीर्घकाळ चालली नाही. माझ्या मते व्यवहार हा त्यांचा प्रांतच नव्हता.

१९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पहिला मराठी बोलपट, दिग्दर्शक शांताराम. संगीत गोविंदरावांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. तारामती दुर्गा खोटे. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, कॅमेऱ्यासमोरच अभिनय करता करता गायचं. वयाच्या पन्नाशीत हे नवं तंत्र त्यांनी अंगावर घेतलं. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्येही ते होते. पुढे ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही पुस्तकं लिहिली, अल्लादियाखाँचं चरित्रही लिहिलं. उतारवयात रेडिओसाठी ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ अशा संगीतिका रचल्या.

आणि इथंच खरी गंमत, गंमत कसली, दुःखच. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती. परदेशी वाद्य, सूर ठरलेले, श्रुती नाहीत, मींड नाही, हे आक्षेप. गणिताने पाहिलं तर आक्षेप खोटे नव्हते, वर आकडे दिलेच आहेत. पण ज्या माणसाने आयुष्य घालून या आक्षेपांना पेटीवरूनच उत्तर दिलं, त्याच्या संगीतिका रेडिओला चालत आणि त्याची पेटी चालत नसे.

९ ऑक्टोबर १९५५ ला गोविंदराव गेले, तेव्हाही बंदी होती. ती काही प्रमाणात उठायला १९७१ साल उजाडलं.